चौथा वास

दिवाळीच्या सुट्टीच्या नवव्या दिवशी, दुपारी सव्वातीनच्या सुमारास, कळंबमध्ये यमुनाबाई आडे यांच्या अंगणात चौदा नानखटाया जळाल्या. जळल्याचा वास गल्लीतल्या सात घरांत पोचला. यमुनाबाई भट्टीपासून तीन फुटांवर पाटावर बसल्या होत्या. त्यांना तो आला नाही.

त्यांना कोणताच वास येत नव्हता. कोरोनातून उठल्यापासून, म्हणजे तीनेक वर्षांपासून. ही गोष्ट गल्लीतल्या नऊ मुलांना ठाऊक होती. मोठ्या माणसांपैकी एकालाही नव्हती. मी त्या वेळी कळंबला एका दैनिकाचा तालुका प्रतिनिधी होतो. यमुनाबाईंच्या घरापासून माझं घर चौथं, आणि माझी मुलगी ईरा त्या नऊ मुलांपैकी एक. तरी मलाही ठाऊक नव्हती. तालुक्यातल्या बाकीच्या बातम्या मला वेळेवर कळत असत.

यमुनाबाई झरी जामणी तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत सत्तावीस वर्षं स्वयंपाकी होत्या. निवृत्त झाल्यावर कळंबला दोन खोल्या आणि अंगण असलेलं घर घेऊन राहिल्या. नवरा पूर्वीच गेलेला. मुलगा विनोद नागपूरला. बांधा ठेंगणा, आवाज मोठा. दोनशे मुलांच्या पंगतीत शेवटच्या पोराला ऐकू जावं म्हणून चढवलेला आवाज निवृत्तीनंतर त्यांना उतरवता आला नाही. त्या हळू बोलल्या तर आमच्या घरात ऐकू यायचं. नेहमीसारख्या बोलल्या तर स्टँडवर.

मुलं त्यांना याडी म्हणत. बंजाऱ्यांच्या गोरबोलीत याडी म्हणजे आई. आश्रमशाळेतली कोलाम, गोंड, बंजारा अशी सगळीच मुलं तसं म्हणायची. कळंबच्या गल्लीत हा शब्द त्यांच्याबरोबर आला आणि महिनाभरात वाणी, वांढरे, शेख सगळ्यांच्या मुलांच्या तोंडी बसला. सुरुवातीला एकदोन आयांना तो जरा टोचला. नंतर त्याही याडीच म्हणू लागल्या.

दिवाळीची सुट्टी लागली की पहिल्या दिवसापासून रोज दुपारी दोन वाजता त्यांच्या अंगणात भट्टी लागायची. भट्टी म्हणजे विटांच्या चुलीवर ठेवलेला ॲल्युमिनियमचा एक मोठा गंज. आश्रमशाळेतली जुनी भांडी विकायला निघाली तेव्हा त्यांनी तो उचलला होता. त्याच्या तळाशी चार बोटं रेती, रेतीवर लोखंडी तिवई, तिवईवर नानखटाया मांडलेलं ताट, वर झाकण आणि झाकणावर निखारे. ताटात चौदा मावायच्या. पंधरावी बसवायचा प्रयत्न दरवर्षी कोणीतरी करायचं आणि दरवर्षी दोन एकमेकींना चिकटायच्या.

नियम तीन होते. पहिला, मोठ्यांनी फाटकाच्या आत यायचं नाही. "माय लोक बाहेर," असं त्या सरळ सांगत. कारण विचारलं तर म्हणत, "माय आली का पोट्ट्याच्या हातातला गोळा घेते अन् सोता वळते. मंग पोट्टं काय शिकते? मायकडे पाहाले शिकते." दुसरा नियम, वेडीवाकडी चालेल, कच्ची चालणार नाही. तिसरा आणि सगळ्यांत कडक, झाकण काढायचं नाही. झाकण काढलं की ऊब जाते आणि नानखटाई बसते. आत काय चाललंय ते डोळ्यांनी पाहायची सोयच नव्हती. मनगटावर घड्याळ असून त्याकडे त्या पाहत नसत. "लाकूड रोज येगळं, हवा रोज येगळी. घड्याळ काय सांगन?"

सांगायचं ते नाक.

"पयला वास तुपाचा," त्या मुलांना शिकवत. "दुसरा विलायचीचा. तिसरा भाजल्या रव्याचा. तिसरा आला का उतरवाचं."

"अन् चौथा?" कोणीतरी नवं पोर हमखास विचारायचं.

"चौथा आपल्याले नसते. चौथा शेजाऱ्याले."

त्यांचं नाक गल्लीत प्रसिद्ध होतं. भट्टी सुरू करण्याआधी सगळ्या मुलांनी रांगेत उभं राहून तळहात पुढे करायचे. यमुनाबाई एकेक हात हुंगत जायच्या. साबण लागला नसेल तर परत पाठवायच्या. "हे हात धुतले नाही, ह्याईले नुसतं पानी दाखवलं." रस्त्याने जाताना कोणाच्या घरातली फोडणी करपायला लागली असेल तर त्या बाहेरूनच ओरडून सांगत. समोरच्या वांढरे वहिनींचं वरण त्यांनी अशा रीतीने किमान तीनदा वाचवलं, असं वहिनीच सांगतात.

मापाचा मात्र घोळ होता. यमुनाबाईंना नानखटाईचं एकच माप येत असे, आणि ते दोनशे मुलांचं होतं. आश्रमशाळेत सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी प्रत्येक मुलाच्या हातात दोन नानखटाया ठेवायची रीत त्यांनीच पाडली होती. त्यासाठी वणीच्या एका भट्टीवाल्याकडे दोन दिवस उभं राहून त्या बनवणं पाहून आल्या होत्या. सामान मुकुटबनच्या बाजारातून यायचं. मैदा चार किलो, बेसन एक किलो, रवा अर्धा किलो, पिठीसाखर अडीच किलो, तूप अडीच किलो, सोडा आठ चमचे. याहून लहान माप त्यांच्या डोक्यात बसत नसे. "वीस पोराईचं किती, मले नाही समजत. दोनशेचं इचार."

म्हणून भागाकार मुलांकडे होता. पाटीवर दोनशेचं माप लिहायचं आणि दहाने भाग द्यायचा. एका वर्षी हे काम ओंकार वाणी या चौथीतल्या मुलाकडे आलं. त्याने मैद्याचे चारशे ग्रॅम बरोबर काढले. बेसन, रवा, साखर, तूप, सगळं बरोबर. सोड्यापाशी तो थांबला. आठाला दहाने भाग जात नाही, असं त्याला शाळेत शिकवलं होतं. भाग जात नाही म्हणून त्याने आठ चमचे तसेच ठेवले.

त्या दिवशी चौदा नानखटाया ताटात गेल्या आणि एक बाहेर आली. ती ताटाच्या काठापर्यंत पसरलेली होती, रंग विटेसारखा, चव साबणासारखी. शेखांच्या घरची शेळी दारात उभी होती. तिला तुकडा दिला. तिने वास घेतला आणि मान फिरवली.

"शेळी उकिरड्यावरचं खाते," यमुनाबाई ओंकारला म्हणाल्या. "तिनं नाही म्हटलं. याद ठेव."

त्या संध्याकाळी त्यांनी ओंकारला समोर बसवून एका चमच्यातल्या सोड्याचे सुरीने पाच वाटे केले आणि त्यातला एक वाटा काढून टाकला. अपूर्णांक म्हणजे काय ते त्याला तेव्हा कळलं, असं तो सांगतो. त्याच्या गणिताच्या मास्तरांना हे मान्य नाही.

दुसऱ्या एका वर्षी वाण्यांच्या मोठ्या मुलीने मोबाइलवर केकचा व्हिडिओ आणला. त्यातली बाई सांगत होती की भट्टी आधी एकशे ऐंशी अंशांवर तापवून घ्या. मुलं यमुनाबाईंच्या तोंडाकडे पाहू लागली. त्यांनी झाकण बाजूला केलं, उघडा हात गंजात धरला आणि मोजायला लागल्या. "एक, दोन, तीन." तीनला हात बाहेर काढला. "पाचपर्यंत हात ठेवता आला तं भट्टी थंडी. दोनवर काढावा लागला तं लाल. तीन बराबर. हेच तिचं एकशे ऐंशी." केक झाला. मधोमध थोडा बसला. त्या खड्ड्यात त्यांनी साखरेची जेली भरून वेळ मारून नेली, आणि मुलांनी त्याचं नाव विहीर केक ठेवलं. पुढच्या वर्षी मुलांनी मागणी केली ती विहीर केकची. तो मुद्दाम बसवायचा कसा हे मात्र कोणालाच जमलं नाही.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत यमुनाबाई यवतमाळला अकरा दिवस दवाखान्यात होत्या. परत आल्या तेव्हा वजन निम्मं झालं होतं, आवाज तेवढाच होता. त्या दिवाळीला भट्टी लागली. त्या वर्षीपासून दोन बदल झाले. हात हुंगायचं काम मुलांनी एकमेकांचं करायचं, असं ठरलं. आणि 'नाकाची पाळी' सुरू झाली. रोज एका मुलाने भट्टीजवळ पाटावर बसायचं, दुसरं काहीही करायचं नाही, फक्त वास घ्यायचा, आणि तिसरा आला की ओरडायचं. दारामागच्या भिंतीवर खडूने नावं लिहिली गेली.

आम्ही मोठ्यांनी हे पाहिलं. बाई आता मुलांवर जास्त सोपवू लागल्या, असा अर्थ काढला. वांढरे वहिनींना त्यांच्या वरणाबद्दल रस्त्यावरून सूचना येणं बंद झालं, तेव्हा त्यांनी आपला स्वयंपाक सुधारला असा समज करून घेतला.

मुलं इतकी भोळी नव्हती. ओंकार तेव्हा सहावीत होता. दुसऱ्या वर्षीच्या सुट्टीत यमुनाबाई दुपारी डोळे मिटून पडल्या असताना त्याने हिंगाची डबी उघडून त्यांच्या नाकाखाली धरली. त्या हलल्या नाहीत. त्याने कापूर धरला. मग रॉकेलची चिंधी. डोळे न उघडताच त्या म्हणाल्या, "काय करून राह्यला रे?"

"याडी, तुम्हाले वास येत नाही."

यमुनाबाई उठून बसल्या. सगळ्या मुलांना आत बोलावलं आणि दार लावलं. "नाही येत," म्हणाल्या. "पन हे फाटकाच्या बाहेर जाता कामा नये. विनोदले समजलं का तो मले नागपूरले घेऊन जाईन. चवथ्या माळ्यावर. तिथं ना अंगण, ना चूल, ना तुम्ही. समजलं?"

मुलांनी गावातल्या चिंतामणी गणपतीची शपथ घेतली. नऊच्या नऊ मुलांनी ती वर्षभर पाळली. सर्वांत लहान रेहान शेख साडेपाच वर्षांचा होता.

आता पुन्हा नवव्या दिवसाकडे.

त्या दिवशी नाकाची पाळी ईराची होती. यादीत तिचं नाव शेवटी. आठ दिवस बाकीच्यांना पाटावर बसलेलं पाहून तिचा दिवस उगवला होता. आदल्या संध्याकाळपासून तिला सर्दी होती. ती तिने आईला सांगितली नाही, यमुनाबाईंना सांगितली नाही. फ्रॉकच्या बाहीला नाक पुसून ती दोन वाजता पाटावर जाऊन बसली. बाकीची मुलं ओसरीवर पुढच्या ताटासाठी गोळे वळत होती. दोघं जण गल्लीत टिकल्या फोडत होते, त्यामुळे हवेत दारूचा धूर होता. भट्टीजवळ दोनच माणसं, एक नऊ वर्षांचं आणि एक सदुसष्ट वर्षांचं. दोघींचीही नाकं बंद, आणि दोघींनीही ते लपवलेलं.

वांढरे वहिनी प्रथम धावत आल्या. त्यांच्यामागे मी आणि बाकीच्या घरांतले. नियम मोडून आम्ही फाटकाच्या आत गेलो. झाकणाच्या कडेने निळा धूर येत होता.

"अवं याडी, जळून राह्यलं ना! वास नाही येत काय तुम्हाले?"

यमुनाबाईंनी मान वर केली.  "येते ना," त्या म्हणाल्या. "जरा खरपूस करून राह्यली."

वहिनींनी फडक्याने झाकण उचललं. ताटात चौदा काळ्या चकत्या होत्या.

"हे खरपूस?"

यमुनाबाईंनी ईराकडे पाहिलं. ईरा शिंकली.

"तुले सर्दी हाये?"

"नाही." पुन्हा शिंक.

"मंग पाळी काहून घेतली, छोरी? मले सांगता नाही आलं?"

ईराचं तोंड रडवेलं झालं होतं. ती म्हणाली, "सगळ्यांची झाली, माझीच राह्यली होती. आणि तुम्हाले तीन वर्षांपासून येत नाही, ते तुम्ही सांगितलं का कोणाले?"

ओसरीवर गोळे वळणं थांबलं. ओंकारने कपाळाला हात लावला. वांढरे वहिनी झाकण हातात धरून उभ्या राहिल्या. मग त्यांनी ते खाली ठेवलं आणि तिथेच जमिनीवर बसल्या.

"मांगच्या महिन्यात मी आली, तं तुमचा गॅस सुरू होता," त्या सावकाश म्हणाल्या. "घरभर वास. तुम्ही म्हटलं रेग्युलेटर ढिलं हाये. म्हणजे तुम्हाले समजलंच नव्हतं?"

 यमुनाबाईंनी हातात वळत असलेला गोळा पुढच्या ताटात ठेवला. तो गोल होता.

विनोदला फोन वांढरे वहिनींनी केला. त्याच संध्याकाळी, सात वाजता. करण्याआधी त्यांनी यमुनाबाईंना विचारलं नाही, पण केल्यावर येऊन सांगितलं. "राग माना, बोलू नका माह्याशी. पन एखाद्या दिवशी काडी ओढान अन् घर उडन. ते मले नाही पाहावत."  वहिनी गेल्यावर यमुनाबाईंनी दाराची कडी लावली. गल्लीत त्या रात्री त्यांचा आवाज ऐकू आला नाही.

दुसऱ्या दिवशी मुलं दोनला आली. भट्टी लागलेली नव्हती. ईरा आली नाही. ती आमच्या घरी पलंगाखाली होती आणि बाहेर यायला तयार नव्हती. अडीच वाजता यमुनाबाई स्वतः आमच्या दारात आल्या.

"कुठं हाये ते शिंकणारी?"

ईराने पलंगाखालून विचारलं, "तुम्ही नागपूरला जाणार?"

"पाहू. आधी तू बाहेर ये. लाकडं कोण लावन? तुह्या हाताले तं सर्दी नाही ना?"

विनोद आडे तीनच्या बसने उतरले. वय चव्वेचाळीस, नागपूरला एका खासगी कंपनीत स्टोअर सांभाळतात. ते आले तेव्हा ओसरीवर नऊ मुलं, अंगणात पेटलेली चूल आणि फाटकाबाहेर आम्ही चार-पाच मोठे. नियम पुन्हा लागू झाला होता. विनोद फाटकापाशी क्षणभर थबकले, मग आत गेले. आमची जागा फाटकाबाहेर होती तरी संभाषण ऐकायला अडचण आली नाही.

"याडी, तुले वास नाही येत?"

"नाही येत."

"कधीपासून?"

"तीन वर्षं झाले."

"तीन वर्षं! मले काहून नाही सांगतलं?"

"तू इचारलं काहून नाही?"

विनोद ओसरीच्या कडेला बसले. "हे पाह्य, आता भांडाचं नाही. सामान बांध. उद्या सकाळी निघू. इथं तू एकटी, गॅस, चूल. कधी काय होईन त्याचा नेम नाही."

"तुह्या फ्लॅटात गॅस नाही काय?"

"हाये. पन आम्ही असतो ना."

"सकाळी नऊले तू जातं. सुनबाई जाते. ऋतुजा शाळेत, मंग क्लासले. घरी कधी येता?"

विनोद बोटांवर तास मोजू लागले.

"सात वाजता," यमुनाबाईंनीच सांगितलं. "नऊ ते सात मी, चवथा माळा अन् गॅस. दार लावलेलं. शेजारच्याचं नाव तुले मालूम हाये?"

"त्या... राऊत हायेत बहुतेक."

"बहुतेक." यमुनाबाईंनी फाटकाकडे हात केला. "काल इथं चौदा नानखटाया जळल्या तं सात घराचे लोक धावले. हे पाह्य, अजून उभेच हायेत. नाक माह्यं गेलं रे, गल्लीचं नाही गेलं."

वांढरे वहिनींनी पदराने डोळे पुसले आणि धूर जातोय डोळ्यांत, असं कोणी विचारलं नसताना सांगितलं.

 विनोद उठून आत गेले. स्वयंपाकघरात खडखड झाली. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात रेग्युलेटर होतं. "गॅस बंद. हा सिलिंडर आत्ता समोरच्या घरी जाईन. मी इंडक्शन घेऊन देतो."

"त्या काचेवर भाकर होते काय?"

"चहा होते. भाकर चुलीवर कर, अंगणात. हे मानशीन तं मी बाकीचा इचार करतो."

"मानलं," यमुनाबाई लगेच म्हणाल्या. इतक्या लगेच की विनोदना संशय आला असावा. त्यांनी दोनदा विचारून घेतलं.

सिलिंडर मी आणि शेखांनी उचलून वांढऱ्यांकडे नेला. परत आलो तेव्हा ओंकार भिंतीवरची यादी वाचत होता. फेरी संपली होती, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची होती, म्हणजे पाळी त्याचीच.

"आज याची," यमुनाबाई म्हणाल्या आणि विनोदकडे बोट केलं.

"मले नाही समजत त्याच्यातलं."

"मालूम हाये. बस."

विनोद पँट सावरत पाटावर बसले. त्यांच्या लहानपणी दिवाळीत यमुनाबाई आश्रमशाळेत असत. ज्या पंचवीस-तीस मुलांना न्यायला घरचं कोणी यायचं नाही, त्यांच्यासाठी त्या तिथेच थांबत. विनोद दारव्ह्याकडे तांड्यावर आजीजवळ वाढले. आईची भट्टी त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

नऊ मुलं त्यांच्याभोवती कोंडाळं करून उभी राहिली.

"काका, आला?"

"काय?"

"पयला. तुपाचा."

"हो... हो, आला."

थोड्या वेळाने विनोद उठले. "झालं! उतरवा."

"काका, हा दुसरा हाये!" रेहान ओरडला.

"नाही नाही, गोड वास येऊन राह्यला. झालं असन."

यमुनाबाईंनी मुलांना हाताने थांबवलं आणि झाकण काढू दिलं. चौदा पांढऱ्याफटक नानखटाया होत्या. बोट लावलं तर बोट आत जात होतं. ऊब निघून गेली, त्या बसल्या. मुलं इतकी हसली की शेळी दारातून निघून गेली.

"आता आणखीन एक ताट," यमुनाबाई म्हणाल्या. "आता घाई नाही कराची."

दुसऱ्या खेपेला विनोद डोळे मिटून बसले. मुलं गप्प होती. ईरा नाक ओढत होती, तिला ओंकारने चिमटा काढला. कपाळावर घाम आला तरी विनोदनी तो पुसला नाही. मग एकदम उभे राहिले. "तिसरा! तिसरा आला!"

यमुनाबाईंनी मुलांकडे पाहिलं. रेहानने हवेत नाक वर केलं आणि मान डोलावली. झाकण निघालं. चौदाच्या चौदा सोनेरी होत्या, वर बारीक चिरा पडलेल्या. फाटकाबाहेर आम्हाला प्रत्येकी एक मिळाली.

विनोदनी उभ्याउभ्या चार खाल्ल्या. चौथीचा शेवटचा तुकडा हातात धरून ते म्हणाले, "याडी, ह्या त्याच काय? तू शाळेतल्या पोट्ट्याईसाठी करायची, त्या?"

"त्याच."

"आपल्या घरी कधी आल्या नाही."

यमुनाबाई झाकणावरचे निखारे चिमट्याने काढत होत्या. "दोनशेतून उरत नव्हत्या," त्या म्हणाल्या. आणि चिमटा खाली ठेवून, "एक डबा भरून देते. ऋतुजाले ने."

विनोद दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासातच्या बसने नागपूरला गेले. एकटे. मी पेपरचे गठ्ठे घ्यायला स्टँडवर होतो. डबा त्यांनी वरच्या फळीवर ठेवला नाही, मांडीवर घेतला.

इंडक्शनची शेगडी चार दिवसांनी आली. यमुनाबाईंनी तिच्यावर विणलेला रुमाल घातला आणि काही दिवस तिच्यावर मेथीची जुडी ठेवली. नंतर चहा होऊ लागला. वांढरे वहिनींशी त्या अकरा दिवस बोलल्या नाहीत. बाराव्या दिवशी स्वतःच जाऊन विचारलं, "वरण करपून राह्यलं काय तुह्यं? मले काही समजत नाही आता. सांगत जा." वहिनी म्हणाल्या, करपलेलं नाही. करपलं होतं. वास आमच्याकडे येत होता.

फेब्रुवारीत माझी बदली यवतमाळला झाली आणि आम्ही कळंब सोडलं. यमुनाबाईंना मी शेवटचं पाहिलं ते मे महिन्यात. कामासाठी कळंबला गेलो होतो आणि परतीच्या गाडीची वाट पाहत स्टँडवर उभा होतो. नागपूरची बस लागलेली होती. पुढच्या दारात यमुनाबाई आणि कंडक्टर यांचा वाद चालला होता. त्यांच्या पायाशी पोत्यात बांधलेला गंज होता.

"याच्यात काय हाये, मावशी? एवढं वजन?"

"रेती."

"रेती? नागपूरले रेती नाही काय?"

"हाये. ते बांधकामाची. हे भाजलेली हाये, दहा वर्षं."

कंडक्टरने हे ऐकून घेतलं. मग गंज दोघांनी मिळून ड्रायव्हरच्या मागे ठेवला. यमुनाबाई पहिल्या खिडकीत बसल्या. मला पाहून त्यांनी तिथूनच सांगितलं, आणि सगळ्या स्टँडने ऐकलं, की विनोदच्या बिल्डिंगच्या गच्चीवर भट्टी लावायची परवानगी मिळाली आहे, खालच्या चार मजल्यांतली बारा पोट्टी तयार आहेत, त्यातल्या एकालाही मैदा म्हणजे काय ते माहीत नाही, राऊतांचं पोरगं गणितात बरं आहे असं ऐकलं, आणि त्या आठ दिवसांत परत येणार आहेत.

"नक्की?" मी विचारलं.

"काहून? तुले बातमी द्याची हाये?"

बस सुटली.

पुढचं मला वांढरे वहिनींनी फोनवर सांगितलं, आणि ओंकारकडून मी ते पडताळून घेतलं. यमुनाबाई नवव्या दिवशी संध्याकाळच्या बसने कळंबला उतरल्या. सोबत नात ऋतुजा होती, एक सुटकेस आणि पाठीवर दप्तर घेऊन. तिचे सुट्टीतले क्लास विनोदनी रद्द केले होते. शाळा उघडायला अजून चोवीस दिवस बाकी होते.